फ्लॉपीला लावलेलं कुंकू

"एक अर्ज," बाईंचा मुलगा म्हणाला. "मशीन चालू करण्यापासून छापलेला कागद हातात येईपर्यंत. एकटीनं. कुणी हात लावायचा नाही. दसऱ्याला मी येतो, माझ्यासमोर करून दाखव. जमलं तर मी पुन्हा बंगळूरचं नाव काढणार नाही. नाही जमलं, तर आई, तू माझ्याबरोबर येणार."

"चालेल," बाई म्हणाल्या.

मी स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होते. घरात माणसं तीनच, त्यामुळं 'कुणी' म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती.

गणपतीची सुट्टी जोडून तो आला होता. वाईट माणूस नाही तो. आईवर जीव आहे, म्हणून घाबरलेला. घाबरलेलं माणूस मी लांबून ओळखते, कारण गॅस बंद केला का हे मी स्वतः तीनदा उठून बघते. पण घाबरलं म्हणून दुसऱ्याचं सामान बांधायला घ्यावं, हे मला त्या दिवशी पटलं नाही आणि आजही पटत नाही.

बाई म्हणजे निपाणीच्या हायस्कूलमध्ये आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या बाई. त्यांची आई तंबाखूच्या वखारीत चाळणी मारायची. त्या वस्तीतून बी. ए. झालेली ही पहिली मुलगी. निवृत्त झाल्यावर बाईंनी शिकवण्या घेतल्या नाहीत. त्या अर्ज लिहून द्यायला लागल्या.

हे सीमाभागाबाहेरच्या माणसाला फोडून सांगावं लागतं. आमच्या गल्लीत घरात मराठी, बाजारात निम्मी मराठी निम्मी कन्नड, आणि कचेरीत कन्नड. बोलायला कुणाचं अडत नाही. लिहायला अडतं. मराठीत अर्ज नेला की खिडकीतला माणूस म्हणतो, "कन्नडदल्ली बरीरी," कन्नडमध्ये लिहून आणा. त्याचीही चूक म्हणता येत नाही. तो बदली होऊन लांबून आलेला, त्याला मराठी अक्षर वाचता येत नाही. आणि बिड्या वळणाऱ्या बायकांना कन्नड बोलता येतं, लिहिता येत नाही. मग मधली वाट इंग्रजी. दोघांनाही सारखीच परकी, त्यामुळं कुणाला राग नाही. बाईंचा इंग्रजी अर्ज नेला की तोच माणूस चष्मा लावून वाचायचा आणि शिक्का मारायचा.

मी निपाणीत आले तेव्हा माझाही पहिला अर्ज त्यांनीच लिहिला. मी पार गोंदियाकडची. आमच्या जंगलातला तेंदूपत्ता ट्रकनं निपाणीला येतो आणि इथं त्यात तंबाखू भरून बिडी होते. नवरा त्या ट्रकवर, म्हणून पानांच्या मागोमाग मीही आले. सातवीत शाळा सुटलेली, ओळखीचं कुत्रं नाही, रेशनकार्डावर नाव नाही. माझं 'हो जी', 'नाही जी' ऐकून बायका हसायच्या. शेजारची आक्का तर मला जीजीबाईच म्हणायची. बाईंनी मात्र खुर्ची दिली. नाव विचारलं, गाव विचारलं, दोन्ही इंग्रजीत लिहिलं आणि लिहिलेलं मला वाचून दाखवलं. माझ्या गावाचं नाव एवढ्या नीट कुणी उच्चारलेलं मी त्या मुलखात पहिल्यांदा ऐकलं. ते मी विसरणार नाही. पुढं अर्धा दिवस बिड्या आणि अर्धा दिवस बाईंच्या घरचं काम, असं करत करत आता मी पूर्ण दिवस त्यांच्याकडंच असते.

मग बाईंचे हात थरथरायला लागले. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हे वाढत जाणार म्हणून सांगितलं. पेन धरलं की ओळ उतारावरून घसरल्यासारखी खाली जायची. मुलानं मोठा फोन आणून दिला. काचेवर बोट टेकेपर्यंत तीन अक्षरं उमटून जायची. मग लॅपटॉप आणला. त्याच्या कळा पापडासारख्या चपट्या, फुंकर मारली तरी दबतील अशा.

"मग फोनशी बोल ना आई. तू सांग, तो लिहितो."

"मी सांगणार आणि तो लिहिणार, मग अर्ज माझा कसा रे? माझं इंग्रजी तोंडात नाही, बोटांत आहे."

अशात त्यांना माळ्यावरचं मशीन आठवलं. त्यांचे मिस्टर आखातात नोकरीला होते. परत येताना त्यांनी घरी वापरायचा एक कॉम्प्युटर आणला होता. करड्या रंगाचा, जाड टाइपरायटरसारखा. कळफलक आणि मशीन एकाच खोक्यात, उजव्या कुशीला फ्लॉपी घालायची फट. त्या काळात बाईंनी त्यावर शाळेच्या प्रश्नपत्रिका टाइप केल्या होत्या. मिस्टर गेले आणि मशीन, छोटा मॉनिटर, छपाईयंत्र, फ्लॉप्यांचा डबा, सगळं चादरीत बांधून माळ्यावर गेलं.

मी ते उतरवलं. पुसलं. बाईंनी एका कळेवर बोट ठेवलं आणि दाबलं. खट्ट. कळा उंच आणि कडक, जोर दिल्याशिवाय हलत नव्हत्या. बाईंचा हात रिकामा असला की थरथरतो, जोर लावला की थांबतो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला तेव्हाच कळलं, आता ही बाई ऐकणार नाही.

मुलानं ते पाहिलं ते त्याच गणपतीच्या सुट्टीत. "हे भंगार चालतंय अजून? आई, तीस वर्षांपूर्वीच्या मशीनवर तू अर्ज लिहिणार?" आणि त्यातून बोलाचाली वाढत वाढत ती दसऱ्याची अट निघाली.

अट मान्य केल्यावर आम्हाला अडचण समजली. मशीन सुरू झालं की हिरवट पडदा यायचा, कोपऱ्यात कपाटाच्या खणासारखं फ्लॉपीचं चित्र आणि एक काळा बाण. माऊसनं बाण चित्रावर न्यायचा आणि कळ पटापट दोनदा दाबायची. बाईंच्या हातात तो बाण पिसाळल्यासारखा पळायचा. दोनदाच्या जागी पाचदा दाबलं जायचं, नाहीतर चित्रच ओढलं जाऊन भलत्या कोपऱ्यात पडायचं.

"मी करून देते जी."

"तू केलंस की मी बंगळूरला."

बाई डोळे मिटून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "हे माऊस धरत नव्हते गं. ते नुसतं टाइप करायचे. एक शब्द लिहायचे, एंटर मारायचे, मशीन काम करायचं. डबा आण बघू."

डब्यात पन्नासेक फ्लॉप्या होत्या. फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढं चौकोनी प्लास्टिकचं पाकीट, आत एक पातळ गोल चकती फिरते आणि जे काय लिहिलेलं असतं ते त्या चकतीवर. बऱ्याचशा मुलाच्या खेळांच्या होत्या. एकीवर मिस्टरांच्या अक्षरात इंग्रजी शब्द होता. बाईंनी वाचला, "शेल. म्हणजे शिंपला. आत मशीन, बाहेर हे कवच. आपण कवचाशी बोलायचं, ते आत निरोप देतं."

त्या फ्लॉपीवर प्रोग्राम होता आणि त्याच्याबरोबर तो लिहिणाऱ्याचं एक पत्र. बाईंनी ते पडद्यावर उघडून मला मराठीत सांगितलं. कुठल्यातरी देशातला कुणी माणूस. नोकरीवरून आल्यावर घरात बसून त्यानं हे कवच तयार केलेलं. तो म्हणत होता, वापरून बघा, कॉपी करून मित्रांना द्या, फक्त मोडतोड करू नका. उपयोग झाला असं वाटलं तर या पत्त्यावर मला काहीतरी पाठवा.

"आणि नाही पाठवलं तर?"

"तर काही नाही. त्यानं विश्वास ठेवलाय."

मला ते लई भारी वाटलं. आमच्याकडं दुकानदार ओळखीच्या माणसालाही पिशवी हातातून सोडत नाही, आणि हा माणूस न बघितलेल्यांना आपलं काम देऊन मोकळा झालेला. बाई म्हणाल्या, "बघ, तो काय सांगतोय. कॉपी करा. आधी आपण एक कॉपी करून ठेवू." मी हो जी म्हटलं. केली नाही. मशीनला फ्लॉपीची फट एकच. कॉपी करायची तर जुनी काढ, कोरी घाल, कोरी काढ, जुनी घाल, असं बऱ्याच वेळा करावं लागणार. मध्येच हात चुकला आणि कोरीच्या जागी जुनी पुसली गेली तर? या भीतीनं मी उद्या उद्या करत राहिले. बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही, "करते जी." हे इथंच कबूल करून टाकते.

बसवायचं काम मात्र मी केलं. परीक्षेआधी मी काहीही करू शकत होते, अट परीक्षेपुरती होती. बाई खुर्चीत, मी मशीनसमोर पाटावर, मांडीवर वही. त्या सांगणार, मी अक्षर शोधून दाबणार. हे मशीन सुरू होताना फ्लॉपीवर 'ऑटो' नावाचा एक कप्पा शोधतं. त्यात जे ठेवलेलं असेल ते आपण होऊन चालू होतं. म्हणजे कवच त्या कप्प्यात गेलं की माऊसची गरज संपली.

पहिल्यांदा मी भलतीच फाइल त्या कप्प्यात ठेवली. मशीन सुरू केलं आणि पडद्यावर ओळीनं छोटे छोटे बॉम्ब आले. खरोखरचे, वात पेटलेल्या बॉम्बची चित्रं. मी किंचाळले आणि भिंतीतला प्लगच उपटला. आक्का पदर खोचत धावत आली.

"काय झालं गं?"

"मशीन फुटणार होतं जी!"

बाई हसून हसून खोकायला लागल्या. "अगं, ते मशीनचं म्हणणं असतं. मला हे कळलं नाही, एवढंच."

"मग असं घाबरवून सांगायचं व्हय?" आक्का म्हणाली. "त्यापेक्षा आमचा चेकर बरा. बिडी वाईट वळली तर नुसतं तोंड वाकडं करतोय."

चौथ्या दुपारी पांढरा पडदा आला, वर एक ओळ, आणि ओळीच्या शेवटी लुकलुकणारी काळी खूण. बाण नाही, खण नाही. बाईंनी पुढं सरकून एक शब्द टाइप केला, एंटर मारला, आणि फ्लॉपीवर काय काय आहे त्याची यादी पडद्यावर आली. त्यांनी माझा खांदा दाबला.

तरी हुकूम लांब होते. अर्ज लिहायचं पान उघडायला एवढी मोठी ओळ, छापायला तेवढीच दुसरी. पण त्या कवचात एक सोय होती: लांब ओळ एका अक्षराला बांधून ठेवायची आणि ती गाठ एका फाइलीत लिहून ठेवायची. आम्ही यू म्हणजे उघड आणि सी म्हणजे छाप असं बांधलं. शिवाय बाईंचं बोट जोर लावायच्या आधी दोन कळांच्या मध्ये भटकायचं, त्यावर मी माझा तोडगा काढला. बिडीचं पान कापताना आम्ही पत्र्याचा फर्मा ठेवतो आणि त्याच्या कडेनं कात्री चालवतो. तसाच मी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा फर्मा कापला, प्रत्येक कळेवर एक खिडकी, आणि कळफलकावर चिकटवला. बोट पुठ्ठ्यावर टेकवायचं, खिडकीपर्यंत सरकवायचं, मग दाबायचं. ते बघून आक्का म्हणाली, "जीजीबाई, सातवी शिकून हे, तर धावी झाली असतीस तर आमाला जगू दिलं नसतंस."

मला बोलायचं होतं की सातवीत फर्मा शिकवत नाहीत, तुमच्या निपाणीनं शिकवला. बोलले नाही. आता लिहिते.

बाई रोज सराव करायच्या. पहिला अर्ज पूर्ण व्हायला अख्खी दुपार गेली. नंतर दोन तास. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तासाभरात झाला.

आणि खंडेनवमीला मी घाण केली.

आमच्या घरी त्या दिवशी हत्यारांची पूजा. नवऱ्याच्या ट्रकला हार, माझ्या कात्रीला आणि सुपाला हळदकुंकू. बाईंचं घर बौद्ध. तिथं दसरा म्हणजे पांढरी वस्त्रं, बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्ती आणि विहारात वंदना. यंत्राला हात जोडायची रीत त्यांच्याकडं नाही, आणि मी कधी आणली पण नव्हती. पण त्या वर्षी मला राहवलं नाही. उद्या मुलगा येणार. बाई आंघोळीला गेल्या आणि मी माझ्या घरून वाटी घेऊन आले. मशीनला एक बोट लावलं, छपाईयंत्राला एक. मग वाटलं, सगळं काम तर त्या फ्लॉपीचं. ती उलटी केली तर मागं मधोमध गोल चकचकीत पत्रा, देव्हाऱ्यातल्या टाकासारखा. मी त्यावर ओली हळद लावली, ओलं कुंकू लावलं, फुलानं पाणी शिंपडलं आणि मनात म्हटलं, माझ्या बाईला सांभाळ.

मग कुंकू पुसून फ्लॉपी जागेवर ठेवली. वरचं पुसलं. पत्र्याच्या कडेनं आत उतरलेलं मला दिसलं नाही.

दसऱ्याला मुलगा अकराच्या सुमारास आला. आक्का आधीच येऊन बसली होती, कारण अर्ज तिचाच होता. दवाखान्याच्या कार्डावर तिचं वय दहा वर्षांनी कमी पडलं होतं आणि त्यापायी मोतीबिंदूचं ऑपरेशन अडलं होतं. "मला तरणी करून ठेवलीया," ती मुलाला सांगत होती. "नवरा खूश हाय, दवाखाना न्हाय."

बाईंनी फ्लॉपी घातली, बटण दाबलं. मशीन गुरगुरलं. खरवडल्यासारखा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. मग तोच हिरवट पडदा. बाण. खण. कवच आलंच नाही. बाईंनी फ्लॉपी बाहेर काढली. तिच्या पत्र्याच्या कडेला लाल रेघ होती.

"हे काय आहे?" मुलगा म्हणाला.

खोटं सुचत होतं, पण सांगवलं नाही. "कुंकू आहे जी. मी काल पूजा केली."

"फ्लॉपीची?"

"हो जी."

"कॉपी कुठंय?" बाईंनी विचारलं.

"नाही केली जी. भ्याले."

मग मुलगा हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "आई, आता काय म्हणायचं सांग. यांच्या भरवशावर तू इथं राहणार? चल. हट्ट पुरे."

मी रडायला लागले. बाईंनी माझ्याकडं बघितलंच नाही. त्या मुलाकडं वळल्या. "दिवस ठरला होता, वेळ ठरली नव्हती. अजून बारा पण वाजले नाहीत."

"पण अटच होती ना, कुणी हात लावायचा नाही?"

"परीक्षेला मुलाचं पेन फुटलं तर आपण दुसरं देतो की नाही? पेन कुणीही देऊ दे. पेपर मी लिहीन." मग मला म्हणाल्या, "रडून झालं का? ते लिहिलेलं शाईनं नाही, चुंबकानं लिहिलेलं असतं. पाण्यानं जात नाही. कुंकू मात्र जातं. तुला काय सुचतंय का?"

मला एकच सुचत होतं. पानं. आम्ही तेंदूपत्ता भिजवतो, धूळ झटकतो, फडक्यात गुंडाळतो, सुकवतो, तेव्हा कुठं तो वळायला घेतो. "धुवून काढू जी," मी म्हटलं. "वरचं पाकीट काढून आतलं धुवू. आणि दुसऱ्या पाकिटात घालू."

"वेडेपणा आहे," मुलगा म्हणाला.

"असू दे," बाई म्हणाल्या.

माझी बिडीची कात्री सवयीनं कमरेला होतीच. वरची पत्र्याची सरकपट्टी काढली, आतली स्प्रिंग केसाएवढी, ती वाटीत ठेवली. कडेला नख घालून पाकीट उकललं. आत चकती तपकिरी, आणि मधल्या पत्र्याभोवती हळदीकुंकवाचा चिखल. कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला आणि पत्र्याला धरून ती चकती दोन बोटांत फिरवत धुतली, घासली नाही. मग मऊ फडक्यावर टिपली आणि पंख्याखाली दोऱ्याला टांगली. तोवर काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून मशीनच्या फटीतलं कुंकू काढलं. हात एकदाही थरथरला नाही. रोज हजार बिड्या वळलेले हात आहेत. रडणारी मी होते, हात नाही.

दुसरं पाकीट लागणार होतं. मी डब्यातली एक फ्लॉपी उचलली.

"ती नको!" मुलगा म्हणाला. "ती माझी फुटबॉलची आहे."

"भंगार आहे ना?" बाई म्हणाल्या.

आक्का तोंडाला पदर लावून हसली. मुलगा उठला, डब्याशी बसला आणि एकेक फ्लॉपी वाचत राहिला. बराच वेळ. शेवटी एक काढून माझ्या हातात दिली. "ही घ्या. ही कधी नीट चाललीच नाही."

धुतलेली चकती त्या पाकिटात गेली, कडांना चिकटपट्टी लागली. डब्यात कोरी फ्लॉपी एकच होती, तिच्यावर मी आधी कॉपी केली. जुनी काढ, कोरी घाल, कोरी काढ, जुनी घाल. या वेळी भीती वाटायला जागाच उरली नव्हती. मशीन एका ठिकाणी अडलं, दोनदा खरवडलं, एक फाइल वाचता येत नाही म्हणून सांगितलं आणि बाकीचं सगळं उतरवून घेतलं.

"आता माझा पेपर," बाई म्हणाल्या. मी भिंतीला टेकून बसले.

कवच आलं. पांढरा पडदा, काळी खूण. बाईंनी बोट पुठ्ठ्यावर टेकवलं, सरकवलं, यू दाबलं, एंटर मारला. पडद्यावर एक ओळ आली. असा हुकूम मला माहीत नाही, असं काहीतरी. त्यांनी पुन्हा दाबलं. तेच. माझ्या लक्षात आलं: जी फाइल वाचता आली नाही, ती आमच्या गाठींची. यू आणि सी दोन्ही गेले होते. लांब ओळी माझ्या वहीत होत्या आणि वही माझ्या मांडीवर. मी अर्धी उठले.

"बसा," मुलगा म्हणाला.

बसले. बाई पडद्याकडं बघत होत्या, वर्गात एखाद्या पोरानं अवघड काही विचारल्यावर बघत असतील तशा. मग त्यांनी यादीचा शब्द टाइप केला. यादी आली. त्यांनी ती वरून खालपर्यंत ओठ हलवत वाचली, हव्या त्या नावावर थांबल्या आणि आख्खी ओळ टाइप करायला लागल्या. एक अक्षर चुकलं. पुन्हा माहीत नाही. पुन्हा टाइप केली. मध्येच डावा हात उडायला लागला. त्यांनी तो मांडीखाली दाबून धरला आणि एका हातानं पुढं गेल्या. तिसऱ्यांदा कोरं पान उघडलं.

त्यानंतर फक्त खट्ट, खट्ट. आक्का मध्ये मध्ये म्हणायची, "लिवा की, वयाचं नीट लिवा, दोन वर्सं जास्तीचीच पडू देत." मुलगा एकदा पाणी प्यायला उठला आणि आईच्या मागं उभा राहिला तो तिथंच. पाऊण तास झाला, तास झाला. छापायची लांब ओळ बाईंना पहिल्याच वेळी जमली. छपाईयंत्र करकरायला लागलं आणि कडेला भोकं असलेला कागद ओळीओळीनं वर आला.

मुलानं तो फाडून घेतला. दोनदा वाचला. खिशातून पेन काढलं.

"पेन ठेव खाली," बाई म्हणाल्या.

"एक स्वल्पविराम राहिलाय."

"दाखव." त्यांनी चष्मा सावरून बघितलं. "नाही राहिला. तिथं लागत नाही. तुला मीच शिकवलंय."

त्यानं पेन खिशात घातलं. आक्कानं सही केली, कागद घडी करून पोलक्यात ठेवला आणि उद्या खिडकी उघडायच्या आधी रांगेत उभी राहते म्हणून निघून गेली.

पूजा केली याची मला लाज नाही. पाणी घातलं याची आहे, आणि कॉपी केली नाही याची जास्त आहे. मी बाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "या घरात यंत्राला हात जोडत नाहीत, यंत्र पुसतात. पण कोरड्या फडक्यानं. समजलं?"

"समजलं जी."

जेवणं झाली. निघताना मुलगा उंबऱ्यात चपला घालत बराच वेळ रेंगाळला. "उद्या पडलीस बिडलीस तर?"

"पडले तर पडले. ही आहे."

"मी आहे जी," मी म्हटलं. त्याच्यासमोर विचारल्याशिवाय मी बोललेलं हे पहिलंच वाक्य.

त्यानं मान हलवली. "दिवाळीला येतो. तेव्हा पुन्हा बघणार आहे मी."

"ये की. बघ. पण येताना फ्लॉप्या घेऊन ये. बंगळूरात कुठं जुनं सामान मिळतं, तिथं विचार."

त्यानं फोन काढला आणि टाइप करायला लागला. "किती?"

"दहाचं पाकीट मिळालं तर दोन पाकिटं आण. आणि कोऱ्या आण, कुणी वापरलेल्या नकोत."

"दोन पाकिटं," तो म्हणाला. "कोऱ्या."

"आणि छपाईयंत्राची रिबन."

"रिबन," म्हणत तो ते लिहीत लिहीतच पायऱ्या उतरला.